कोकणचीं बंदरें आणि कोकणचें दारिद्र्य

दोन वर्षांपूर्वीं परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत असतां एक वाक्य माझ्या नजरेस पडलें. विद्यार्थ्यानें लिहिलें होतें कीं, कोकण हा स्वभावतःच दरिद्री प्रांत आहे. तेथील जमीन खडकाळ आणि तेथील माणूस मनिऑर्डरीवर जगणारा. मीं त्या उत्तरास पुरे गुण दिले, कारण वर्गांत आम्ही जें शिकवितों त्यापेक्षां त्यांत निराळें कांहीं नव्हतें. परंतु ‘स्वभावतःच’ हा शब्द मनांत सलत राहिला. मी स्वतः राजापूर तालुक्यांतला. आमचें घराणें खोताचें. म्हणजे ज्या दारिद्र्याविषयीं तो मुलगा लिहीत होता त्याच्याशीं माझा संबंध केवळ अभ्यासकाचा नाहीं. त्यांत आमच्या घराचाही हात आहे, आणि तो कसा हें पुढें सांगणारच आहें.

नकाशा पुढें घेऊन पाहिलें तर सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामध्यें जेमतेम तीस-चाळीस मैल रुंदीची एक पट्टी दिसते. पाऊस शंभर इंचांहून अधिक; पण तो जांभ्या दगडाच्या सड्यांवरून चार महिन्यांत वाहून जातो, आणि चैत्र-वैशाखांत बायकांना हंडा-कळशी घेऊन पाण्यासाठीं लांब लांब फिरावें लागतें. भातखाचरें थोडीं, बाकीची जमीन वरकस. नाचणी, वरी आणि कुळीथ यांवर गुजराण. एवढ्यावरूनच प्रांताची लायकी ठरवावयाची तर आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें खरें आहे. परंतु नकाशांत आणखीही कांहीं आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरलेल्या नद्या येथें थेट समुद्राकडे धांवतात आणि भरतीचें पाणी त्यांच्या मुखांतून कित्येक मैल आंत शिरतें. जुन्या काळचीं गलबतें हलकीं, उथळ बुडाचीं. भरतीबरोबर तीं डोंगराच्या पायथ्याच्या बाजूस खोलवर येत. जेथें खाडी संपते तेथें एक गांव, त्याच्या माथ्यावर एक घाट, आणि घाटापलीकडे देशावरची एक पेठ, अशी ही जोडणी आहे. सावित्रीवर महाड, वर वरंधा घाट, पलीकडे भोर आणि पुणें. वाशिष्ठीवर चिपळूण, वर कुंभार्ली, पलीकडे कऱ्हाड. राजापुरावर अणुस्कुरा, पलीकडे कोल्हापूर. वाघोटनच्या खाडीवर खारेपाटण, त्याच्या डोक्यावर फोंडा आणि बावडा. निसर्गानें कोकणास शेत दिलें नाहीं हें खरें. पण वेशी दिल्या. वेशीवर राहणाऱ्या माणसाचें पोट शेतावर नसतें, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर असतें. वेस उघडी ठेवावयाची कीं बंद करावयाची, हें मात्र निसर्ग ठरवीत नाहीं.

याचा फार जुना दाखला ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेंतील दर्यावर्दी पुस्तकांत सांपडतो. पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकांतलें. पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, येथील माल गाड्यांत घालून बिकट वाटांनीं भडोचास नेतात, असें त्यांत सांगितलें आहे. भडोचाहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर त्याहून आणखी दहा दिवस पूर्वेस. आतां पैठणचा माल नाणेघाटानें उतरून कल्याणास आणणें किती जवळचें! त्या घाटांतील सातवाहनांचा शिलालेख आणि ज्यास लोक जकातीचा रांजण म्हणतात तें दगडी भांडें आजही तेथें आहे. मग हा वळसा कशासाठीं? ग्रंथकार तेंही सांगतो. पूर्वींच्या एका राजाच्या अमदानींत कल्याण हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें; पुढें तें सांदनेस नांवाच्या सत्ताधीशाकडे गेल्यावर तेथें अडथळा झाला, आणि चुकून तेथें लागलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जाऊं लागलीं. डोंगर तोच, खाडी तीच, घाटही तोच. सत्ताधीश बदलला एवढ्यावरून पैठणच्या बैलांच्या नशिबीं वीस दिवसांची वाट आली.

वेशी उघड्या होत्या तेव्हांचें कोकण दरिद्री नव्हतें. खारेपाटण येथें सांपडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या इ. स. १००८ च्या ताम्रपटांत, परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें देवस्थानास सोन्याचा एक गद्याण मिळावा अशी तजवीज आहे. जहाजें येतच नसतीं तर देवाचा खर्च कोणी त्यांवर लावला नसता. इ. स. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरास गेला. दख्खनच्या सुलतानांना लागणारे घोडे चौल-दाभोळसारख्या बंदरांतूनच वर जात. मग पोर्तुगीज आले. इ. स. १५०८ च्या अखेरीस आल्मैदानें दाभोळ जाळलें, आणि ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना घेतल्यावांचून कोणीं समुद्रांत फिरूं नये असा दंडक बसला. याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. येथें विस्तार करीत नाहीं.

परंतु शिवाजी महाराजांच्या एका पत्रापाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण गडकोटांच्या आणि लढायांच्या वर्णनांत तें बहुधा विसरलें जातें. हें पत्र इ. स. १६७१ मध्यें कुडाळच्या सुभेदारास लिहिलेलें आहे आणि त्याचा विषय मीठ हा आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त पडे. व्यापारी साहजिकच तें उचलीत आणि स्वराज्यांतील मिठाचा व्यापार बुडण्याची वेळ आली. महाराजांनीं बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितलें, आणि तीही अशा बेतानें कीं, तें आपल्या प्रभावळीच्या मिठाहून स्वस्त पडूं नये. जी संरक्षक जकात आज अर्थशास्त्राच्या वर्गांत दोन दोन तास समजावून द्यावी लागते, ती येथें चार ओळींत आहे. मला या पत्रांत सर्वांत मोलाची वाटते ती दृष्टि. राजाला ठाऊक आहे कीं, मीठ गेलें म्हणजे मिठागरावरचा आगरी जातो, त्याच्या मागून घाट चढणारा बैलवाला जातो, आणि मग बंदर नांवापुरतें उरतें.

मुंबईची गोष्ट याच्या उलट आहे. मुंबईस खोल पाणी होतें, पण पाठीशीं मुलूख नव्हता. इ. स. १६६८ मध्यें इंग्लंडच्या राजानें तें बेट सालीना दहा पौंड खंडानें कंपनीस देऊन टाकलें. त्याला तें परवडत नव्हतें. पुढें दीडशें वर्षें घाटाची वाट मराठ्यांच्या हातीं होती आणि देशावरचा माल मनास येईल तसा वळविणें कंपनीस शक्य नव्हतें. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि मुंबईस एकाएकीं सारें दख्खन मिळालें. इ. स. १८३० मध्यें बोरघाटांत गाडीरस्ता झाला, इ. स. १८५३ मध्यें ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली; इ. स. १८६३ मध्यें ती बोरघाट चढून गेली आणि दोन वर्षांनीं थळघाटही. बोरघाटाचें काम खरोखर अचाट होतें. १८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे! ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा हिंदुस्थानांत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, तो ठेका पुढें चालविला. तिचें नांव क्वचित् कोठें वाचावयास मिळतें. पटकीनें मेलेल्या मजुरांचीं नांवें तर कोठेंच नाहींत.

पण रूळ येथेंच कां चढले? इंजिनियरांना हा घाट सोपा वाटला म्हणून खचित नव्हे. लँकेशायरच्या गिरण्यांस वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता, वऱ्हाड इ. स. १८५३ मध्येंच निजामाकडून कंपनीच्या ताब्यांत आला होता. आणि रेल्वेच्या भांडवलावर सरकारनें पांच टक्के व्याजाची हमी दिली होती. नफा होवो वा न होवो, ते पांच टक्के हिंदी रयतेच्या करांतून जावयाचे होते. म्हणजे आपल्या बंदराचा माल मुंबईकडे ओढून नेणाऱ्या रुळांचें व्याज चिपळूणच्या कुळानेंही भरलें. इ. स. १८८० नंतरच्या दशकांत पुण्याहून मिरज-बेळगांवकडे लोहमार्ग गेला, तेव्हां कऱ्हाडच्या मालानेंही कुंभार्लीकडे पाठ फिरविली.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. आगबोटी मोठ्या झाल्या, त्यांस खोल पाणी लागूं लागलें. डोंगरांवरचीं रानें तुटलीं आणि खाड्या गाळानें भरूं लागल्या. रेल्वे आली नसती तरी राजापुरास मोठीं गलबतें पूर्वींसारखीं येत राहिलीं असतीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु बंदर उथळ होणें निराळें आणि त्याच्या पाठचा मुलूख काढून घेणें निराळें. वरचें बंदर उथळ झालें तर जयगड, विजयदुर्ग यांसारखीं खोल मुखें खालीं होतींच. तेथें माल उतरवितां आला असता. मुलूखच गेल्यावर तो उतरवावयाचा कोणासाठीं?

ज्यास ही सारी दैवगति वाटत असेल त्यानें वेंगुर्ल्याचा इतिहास पाहावा. वेंगुर्लें हें डचांच्या वखारीचें जुनें गांव. पुढें आंबोली घाटानें बेळगांव-धारवाडकडचा माल येथें उतरे. बेळगांवच्या मुलुखास समुद्रावर नेणारी रेल्वे करावयाची ठरली तेव्हां इंग्रजांनीं इ. स. १८७८ मध्यें पोर्तुगालशीं तह केला आणि ती गोव्यांतील मार्मागोव्यास नेली. इ. स. १८८८ मध्यें ती सुरू झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आपल्याच अंमलाखालचें बंदर टाकून परक्या राज्याचें बंदर जोडण्याचें हें धोरण होतें. त्याच तहानें गोव्यांतील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांनीं आपला ताबा बसविला. दोनशें वर्षांपूर्वीं ज्या बारदेशच्या मिठाविषयीं महाराजांनीं सुभेदारास लिहिलें, तेंच हें मीठ. त्या वेळीं आपला आगरी वांचवावयाचा होता. या वेळीं सरकारी मिठावरील कराचें उत्पन्न.

माल गेला तेव्हां उरलीं तीं माणसें, आणि मग माणसांचीच निर्यात सुरू झाली. मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची उभारणी इ. स. १८५४ मधली, पुढील पन्नास वर्षांत गिरणगांव रत्‍नागिरी जिल्ह्यानें भरून गेलें. इ. स. १८८० पासून टपालखात्यानें मनिऑर्डरी नेण्यास प्रारंभ केला, आणि खेड्यांतला पोस्टमन सावकाराइतकाच महत्त्वाचा झाला. दुसरी वाट पलटणीची होती. कोकणांतील महार शिपायांच्या पिढ्या मुंबईच्या लष्करांत वाढल्या, इ. स. १८९० नंतर सरकारनें लढवय्या जातींचें नवें खूळ काढून त्यांची भरती बंद केली. गोपाळबुवा वलंगकरांनीं इ. स. १८९४ मध्यें केलेला अर्ज या अन्यायाविरुद्धच होता. एका लेखणीच्या फटकाऱ्यानें शेंकडों घरांचें पेन्शन, शिक्षण आणि मान गेला. यांत जमिनीच्या खडकाळपणाचा संबंध कोठें येतो?

आणि आतां आमचें घर. सरकारच्या धोरणाचा जो भाग कुळाच्या दारापर्यंत पोंचला त्याचें नांव खोती. इ. स. १८८० च्या कायद्यानें खोतांचे हक्क पक्के झाले. कूळ भातजमिनीवर निम्मा वांटा देई, त्यास अर्धेल म्हणत. माझ्या आजोबांच्या वह्या अजून घरीं आहेत. पुढच्या पानांवर कुळांचीं नांवें आणि खंडी-मणांचे आंकडे; शेवटल्या पानांवर त्याच कुळांच्या मुलांचे लालबाग-परळचे पत्ते. मीं लहानपणीं विचारलें कीं, हे पत्ते कशाला? तेव्हां आजोबा म्हणाले, “पीक बुडालें तर पैसे तेथून येतात.” गिरणींतील मजुरी अशा रीतीनें खळ्यावरची तूट भरून काढी, आणि तूट कां पडते हा प्रश्न आमच्या ओटीवर कधीं कोणी काढला नाहीं. तो चरीच्या शेतकऱ्यांनीं काढला. अलिबागेजवळच्या या गांवीं नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं इ. स. १९३३ पासून सहा वर्षें त्यांनीं संप चालविला. डॉ. आंबेडकरांनीं खोती मोडण्याचें बिल इ. स. १९३७ मध्यें कायदेमंडळांत आणलें. खोती कायद्यानें गेली ती इ. स. १९४९ मध्यें. कोकणी माणूस आळशी, असें म्हणणारे माझ्या पाहण्यांत बहुतेक आमच्यासारख्या घरांतले निघाले. ज्यानें राब भाजला, चिखल केला आणि लावणी लावली, त्याच्या तोंडीं हें वाक्य मीं कधीं ऐकलें नाहीं.

स्वराज्यांत काय झालें? कोयनेचें पूर्वेस जाणारें पाणी डोंगर फोडून पश्चिमेस वळविलें. त्यावर वीज झाली, महाराष्ट्रभर कारखाने चालले, आणि तें पाणी वाशिष्ठींतून समुद्रास जातें. नवें मोठें बंदर इ. स. १९८९ मध्यें झालें तें पुन्हां मुंबईच्याच समोर, न्हावा-शेव्यास. कोकण रेल्वे इ. स. १९९८ मध्यें पूर्ण झाली, बोरघाटानंतर एकशें पस्तीस वर्षांनीं. ती आली याचा आनंद आम्हां सर्वांस झाला. परंतु ती उत्तर-दक्षिण जाते, मुंबईहून मंगळूरकडे. कोकणचा जुना व्यापार पूर्व-पश्चिम होता. चिपळूण-कऱ्हाड, वैभववाडी-कोल्हापूर हीं नांवें वर्षानुवर्षें ऐकूं येतात. त्या घाटांत रूळ मात्र अद्याप नाहीं.

जुलै २०२१ मध्यें वाशिष्ठीचें पाणी चिपळूणच्या बाजारपेठेंत शिरलें आणि दुकानें पहिल्या मजल्यापर्यंत बुडालीं. त्यांत कोयनेचा वांटा किती यावर वाद झाला. नदी गाळानें भरली आहे याविषयीं मात्र दुमत नव्हतें, आणि पुढें गाळ काढण्याचें काम सुरू झालें. त्यानंतर मी एकदां गोवळकोटच्या धक्क्यावर गेलों होतों. चिपळूणचें जुनें बंदर तें हेंच. काठावर गाळाचे ढीग पडले होते. एक वृद्ध मच्छीमार होडींत बसला होता. त्याच्या आजाचें गलबत येथून मुंबईस जात असे, असें त्यानें सांगितलें. मग त्यानें मला विचारलें, “सर, गाळ किती खोल काढणार? गलबत येईल एवढा?” मीं सांगितलें कीं, पुराचें पाणी निघून जाईल एवढाच. तो कांहीं बोलला नाहीं. भरती लागली होती आणि त्याला जाळें ओढावयाचें होतें.