‘काही नाही’ हे उत्तर नव्हे
छातीतल्या धडधडीचा दीडशे वर्षांचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांना कारखान्याच्या पाळीचे वेळापत्रक तोंडपाठ असते. मुलाचे वडील या आठवड्यात पहिल्या पाळीला आहेत की रात्रपाळीला, यावरून पालकसभेची वेळ ठरते. अशा एखाद्या घरात पुढील प्रकार घडतो, असे समजा. तिशीतला, धडधाकट दिसणारा माणूस. एका रात्री काही कारण नसताना त्याची छाती धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो, हातापायांना मुंग्या येतात, दरदरून घाम फुटतो आणि ‘आता मी मरणार’ अशी खात्रीच होते. शेजारी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. ईसीजी निर्दोष येतो. तोवर त्रासही ओसरलेला असतो. डॉक्टर सांगतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ आठवड्याभराने पुन्हा तेच. मग तो बसमध्ये चढायचे टाळतो, एकटे राहायचे टाळतो, आणि शेवटी कामावर जायचेही टाळू लागतो.

या त्रासाला आज पॅनिक विकार म्हणतात. अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका, तो पुन्हा येईल ही सततची धास्ती आणि त्या धास्तीपोटी केलेली टाळाटाळ, अशी ही साखळी असते. आयुष्यात एखादा झटका पुष्कळांना येतो. तेवढ्याने विकार ठरत नाही. प्रश्न असा की, ज्या माणसाला मरण समोर दिसले त्याला ‘काही नाही’ हे उत्तर कसे पटावे? वैद्यकशास्त्राला या उत्तरापलीकडे जायला बराच काळ लागला. तो इतिहास आम्हाला शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

सुरुवात करू १८७१ सालापासून. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात काम केलेल्या जेकब द कोस्टा या डॉक्टरांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. छातीत धडधड, छातीत दुखणे, धाप आणि थकवा अशा तक्रारी असलेले तीनशेहून अधिक सैनिक त्यांनी पाहिले होते. अनेकांच्या हृदयात कोणताही दोष सापडत नव्हता. द कोस्टांनी या त्रासाला ‘चिडखोर हृदय’ असे नाव दिले. हृदय धड आहे, पण चिडले आहे, असा त्याचा अर्थ.

योगायोग असा की, त्याच वर्षी बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी वेगळ्याच रुग्णांचे वर्णन केले. मोठा चौक ओलांडायचा म्हटले की या माणसांच्या पोटात गोळा उठे, छाती धडधडे. सोबत कोणी असले की तेच अंतर ती सहज पार करत. वेस्टफाल यांनी याला मोकळ्या जागेची भीती म्हटले. एकाने हृदय पाहिले, दुसऱ्याने भीती पाहिली. हे दोन्ही एकाच विकाराचे भाग असू शकतात, हे उमगायला शतक उलटावे लागले. १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी चिंतेच्या झटक्यांना सर्वसाधारण ‘मज्जादौर्बल्या’पासून वेगळे काढले, पण त्यांचा भर लैंगिक कारणांवर राहिला.

पहिल्या महायुद्धात द कोस्टांचे रुग्ण पुन्हा भेटले, आता ब्रिटिश सैन्यात. थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञांनी त्यांना अंथरुणात न ठेवता चढत्या क्रमाने कवायत करायला लावली आणि अनेक जण कामावर परतले. धडधडणाऱ्या हृदयाला श्रम झेपतात, हे रुग्णाला स्वतःच्या शरीरावरून पटत गेले. आजच्या उपचाराचे बीज येथे दिसते.

ही धडधड येते कुठून? याचे उत्तर हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात दिले. संकट दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, रक्त कातडीकडून आणि पोटाकडून स्नायूंकडे वळते, लाळ आटते. आपली भाषा हे सारे आधीपासून नोंदवून बसली आहे. घशाला कोरड पडणे, हातपाय गार पडणे, पोटात गोळा उठणे, छातीत धडकी भरणे, हे वाक्प्रचार म्हणजे कॅनन यांच्या प्रकरणांची शीर्षकेच शोभतील. पॅनिक झटक्यात हीच यंत्रणा संकट नसताना सुरू होते. गजर खरा असतो, आग मात्र कुठेच नसते.

आता मुंग्यांचे पाहू. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची अल्कता वाढते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. गंमत अशी की, श्वास जास्त झालेला असतो आणि माणसाला वाटते तो कमी पडतो आहे. म्हणून तो आणखी जोराने ओढतो. १९३७ मध्ये अमेरिकेत केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंतेच्या रुग्णांमधील हे अतिश्वसन सविस्तर वर्णिले.

पिंपरीहून लोकलने तासाभराच्या वाटेवर असलेल्या लोणावळ्यात त्याच सुमारास श्वासाची मोजमापे चालू होती. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. प्राणायामात किती प्राणवायू घेतला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो, हे त्यांनी मोजले. जास्तीचा प्राणवायू मिळणे हे प्राणायामाचे मर्म नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. घाबरलेल्या माणसाला आपण आजही ‘जोरात श्वास घे’ असे सांगतो. सांगायला हवे ते ‘सावकाश श्वास सोड’ असे.

लोणावळ्याचा हा धागा पुढे मुंबईला पोचला. केईएम रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६६ मध्ये ब्रिटिश मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. सहलेखकांत डॉ. विनेकर होते, कुवलयानंदांबरोबर योगोपचारावर पुस्तक लिहिणारे तेच हे विनेकर. चिंतेच्या रुग्णांना पतंजलींच्या विचारांवर आधारलेली शिस्त शिकवून वाहियांच्या गटाने तिचा परिणाम तपासला. पुढच्या अभ्यासात एका गटाला पूर्ण पद्धत आणि दुसऱ्या गटाला तिचा केवळ काही भाग देऊन तुलना केली. पूर्ण पद्धतीचा गट अधिक सुधारला. आजच्या कसोट्यांनी हे अभ्यास लहान होते, पण आपल्याकडच्या उपायाची तुलना करून परीक्षा घ्यावी ही दृष्टी त्यांत होती.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन हे डॉक्टर इमिप्रामिन हे नवे औषध वापरून पाहत होते. एका रुग्णाबद्दल तो स्वतः म्हणे, फरक नाही. त्याचे डॉक्टरही तेच म्हणत. परिचारिकांनी मात्र एक गोष्ट टिपली होती. ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्याकडे धावत येणारा हा माणूस आता येईनासा झाला होता. झटके थांबले होते, झटक्यांची धास्ती अजून उरली होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातून कळले. १९८० साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात पॅनिक विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

१९८६ मध्ये ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी साखळीतला मधला दुवा दाखवला. जिना चढल्यावर, जास्त चहा झाल्यावर किंवा झोप न झाल्यावर छाती थोडी धडधडते. कोणी त्याकडे दुर्लक्ष करतो. कोणी मात्र ‘हा हार्ट अ‍ॅटॅक’ असा अर्थ लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि अर्थ खरा वाटू लागतो. उपचारात हा अर्थ तपासून पाहायला शिकवतात आणि टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने करायला लावतात. हे कोडे पुरते सुटले आहे असे नाही. अतिश्वसन न होताही झटके येतात, आणि आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि नव्वदच्या दशकापासून कारखाने चाकणकडे पसरले. सूर्याबरोबर उठणारी माणसे एका पिढीत भोंग्याबरोबर उठू लागली. कारखान्यामुळे पॅनिक विकार होतो, असे आम्ही म्हणत नाही. तो शेतकऱ्याला होतो, प्राध्यापकाला होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दुपटीने आढळतो. पण फिरत्या पाळ्यांनी मोडलेली झोप, ती भरून काढायला घेतलेला चहा, तंबाखू आणि कंत्राट संपण्याची काळजी यांनी छाती धडधडण्याचे प्रसंग वाढतात. शिवाय गाव दूर राहिल्याने जवळ बसून धीर देणारे माणूस नसते.

शिक्षकाने निदान करायचे नाही. तरी काही गोष्टी त्याला करता येतात. छातीत पहिल्यांदाच दुखले किंवा धडधडले तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. हृदयविकार, थायरॉइड, रक्तक्षय हे आधी तपासले पाहिजेत. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा जुना उपाय करू नये, कारण त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर तो घातक ठरतो. तपासण्या निर्दोष आल्या की पुढची पायरी मनोविकारतज्ज्ञाची. तेथे गोळ्या मिळतात, बोलून करायचे उपचार मिळतात आणि दोन्हींचा गुण येतो. दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या घेण्याची सवय मात्र जडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

वर्गात झटका आलेल्या मुलाला गर्दीपासून बाजूला बसवावे, शेजारी बसावे, हळू आवाजात सांगावे, ‘हे काही मिनिटांत ओसरेल, मी इथेच आहे.’ श्वास सावकाश सोडायला लावावा. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत यायला मदत करावी. घरी बसवणे सोपे असते, पण त्याने भीती घट्ट होते.

शेवटी एक साधा प्रयोग. मुलांना मनगटावरची नाडी बसल्या जागी मोजायला सांगा, मग दोन जिने चढून आल्यावर, मग पाच मिनिटांनी पुन्हा. (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांकडे नोंदींचे काम द्यावे.) आकडा वाढतो आणि आपोआप उतरतो, हे त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात उतरेल. ती वही घरी जाईल, कदाचित रात्रपाळीहून आलेले वडीलही ती पाहतील. त्यांनी विचारले, तर ‘काही नाही’ असे न म्हणता काय घडते ते मुलाला सांगता येईल.