एक न्यावी, दोन आणाव्यात

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात यंत्रे भेटतात, कंपन्या भेटतात, गॅरेजमधून निघून कोट्यधीश झालेले तरुण भेटतात. सभा मात्र भेटत नाहीत. कुणी आमंत्रण दिलेले नाही, मानधनाचा प्रश्नच नाही, अशी माणसे ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जमत आणि आपल्याला काय जमले, काय जमले नाही हे एकमेकांना सांगत. त्या सांगण्यावर या धंद्याचा बराच पाया उभा आहे.

मी प्रोग्रॅमर म्हणून पोट भरले. त्यातली पाच-सहा वर्षे महिन्यातला एक शनिवार पुण्यातल्या अशाच एका गटाच्या बैठकीला जात असे. त्या बैठकांचा इतिहास लिहावा असे अलीकडे मनात आले आणि कागद शोधू लागलो, तर हाती जवळजवळ काहीच लागले नाही. म्हणून दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ज्या सभेचे कागद शिल्लक आहेत, तिथून.

५ मार्च १९७५. कॅलिफोर्नियातले मेन्लो पार्क. बाहेर पाऊस. गॉर्डन फ्रेंच नावाच्या अभियंत्याच्या गॅरेजमध्ये बत्तीस माणसे जमली होती. स्वतःचा संगणक स्वतः बांधणाऱ्यांनी एकत्र यावे, अशा अर्थाची एक चिठ्ठी फ्रेंच आणि त्याचा सहकारी फ्रेड मूर यांनी ठिकठिकाणी लावली होती, ती वाचून ही मंडळी आली होती. मधोमध एक निळी पेटी ठेवलेली. तिचे नाव ‘अल्टेअर ८८००’. जानेवारीच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकले होते, सुटे भाग मागवून घरी डाग देऊन ती जोडायची. तिला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. समोर खटक्यांची रांग आणि लाल दिवे. स्मृती २५६ बाइट. आज देवनागरीतले एकेक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात; म्हणजे पंच्याऐंशी चिन्हे. या परिच्छेदातले पहिले चार तुकडे पुरे होण्याआधीच पेटी भरली.

या मंडळाचे नाव पुढे ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ पडले. त्याच्या कथा सांगणारे लोक लगेच स्टीव्ह वॉझ्नियॅककडे वळतात. तो त्या पहिल्या रात्री हजर होता, त्याने पुढे ‘ॲपल’चे पहिले यंत्र याच मंडळींना दाखवायला बनवले आणि त्याचे आराखडे सभेत फुकट वाटले, हे खरेच आहे. पण मला त्या गॅरेजमधला महत्त्वाचा माणूस फ्रेड मूर वाटतो. मूर काही मोठा तंत्रज्ञ नव्हता. १९५९ साली बर्कली विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध तो पायऱ्यांवर उपोषणाला बसला होता, तेव्हा तो नुकताच दाखल झालेला विद्यार्थी होता. पैशाविषयी त्याला मनापासून अढी होती. संगणकाच्या सभेत अशा माणसाने काय करावे? त्याने टिपणे घेतली. कोण आले, कोणाला कशात रस आहे, कोणाकडे काय आहे. दहा दिवसांत, १५ मार्चला, त्याचे एक पत्रक काढून सगळ्यांना धाडले. अशी एकवीस पत्रके १९७७ अखेरपर्यंत निघाली. मूर लवकरच मंडळातून बाजूला झाला, पण त्या पहिल्या पत्रकावाचून आज आपल्याला ही सभा केवळ ऐकीव गोष्ट म्हणून माहीत असती.

पुढच्या सभा कधी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत, कधी एका शाळेत भरल्या. त्या शाळेतल्या सभेत स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने अल्टेअरशेजारी एक साधा रेडिओ ठेवला. यंत्र चालू असताना रेडिओत खरखर होते हे त्याला घरी योगायोगाने कळले होते. कुठल्या आज्ञेने कुठला स्वर उमटतो याची नोंद करत त्याने बीटल्सचे एक गाणे बसवले. एकेक आकडा खटक्यांनी भरत गेला आणि मग यंत्र गायला लागले. ज्या पेटीचा उपयोग काय असे घरचे विचारत, तिचा हा पहिला उपयोग. सभेने उठून टाळ्या वाजवल्या.

गर्दी वाढली तशी सभा स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरणयंत्राच्या सभागृहात गेली आणि सूत्रे ली फेल्झेनस्टाइनकडे आली. त्याने सभेला जो आकार दिला, तो मला त्या मंडळाच्या कुठल्याही यंत्राइतकाच मोलाचा शोध वाटतो. पहिला भाग ‘मॅपिंग’चा, म्हणजे नकाशा काढण्याचा: ज्याला काही हवे आहे किंवा ज्याच्याकडे काही आहे त्याने हात वर करून दोन वाक्यांत सांगायचे. मग एखादे प्रात्यक्षिक किंवा व्याख्यान. आणि शेवटी ‘रँडम ॲक्सेस’, म्हणजे खुर्च्या सोडून वाट्टेल त्याने वाट्टेल त्याला गाठायचे. नकाशा आधीच डोक्यात असल्याने कोणाला गाठायचे ते प्रत्येकाला ठाऊक असे.

आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा याहून शंभर वर्षांनी जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. तिने महाराष्ट्राला काय दिले हे इथे सांगायला नको. पण आपल्या सभेत वक्ता उंचावर आणि श्रोता खाली. पाहुण्यांचा परिचय, नारळ, शाल, भाषण, आभार, आणि मग चप्पल शोधणे. श्रोत्याजवळ काय आहे हे विचारायची रीत नाही. फेल्झेनस्टाइनच्या सभेत व्याख्यान मधे होते. खरी सभा त्याच्या आधी आणि नंतर होती.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

अल्टेअरसाठी ‘बेसिक’ ही भाषा बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी लिहिली होती. जून १९७५ मध्ये अल्टेअरच्या कंपनीची फिरती गाडी पालो आल्टोच्या एका हॉटेलात प्रात्यक्षिकासाठी आली. बेसिक तेव्हा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मिळे. बऱ्याच जणांनी पैसे भरून ठेवले होते, पण माल पोचला नव्हता. शिवाय कंपनीची स्मृतीची कार्डे घेतली तर बेसिक स्वस्त, नुसते घेतले तर कित्येक पट महाग. आणि ती कार्डे धड चालत नसत. त्या हॉटेलात एक फीत कुणाच्या तरी हाती लागली. एका सभासदाने कामावरच्या यंत्रावर तिच्या पन्नासहून अधिक नकला काढल्या आणि पुढच्या सभेला खोके भरून आणल्या. अट एकच: एक न्यावी, पुढच्या वेळी दोन आणाव्यात.

फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्सचे अनावृत पत्र आले आणि ते या मंडळाच्याच पत्रकात छापले गेले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याचे म्हणणे असे: अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीसुद्धा बेसिक विकत घेतलेले नाही, आम्ही चाळीस हजार डॉलरहून जास्त किमतीचा संगणकवेळ त्यात घातला, आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब केला तर आमच्या कामाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. यंत्राचे पैसे द्यायचे आणि आज्ञावली वाटून घ्यायची, याला त्याने सरळ चोरी म्हटले.

मी तरुणपणी हे पत्र वाचले तेव्हा मला ते सावकाराचे वाटले होते. आता तसे वाटत नाही. रात्र-रात्र जागून लिहिलेले कुणीतरी खोक्यात घालून वाटावे, हे ज्याने स्वतः काही लिहून विकायचा प्रयत्न केला आहे त्याला झोंबणारच. (पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती काढणाऱ्या आपण मराठी वाचकांनी इथे जरा खाली बघावे.) पण गेट्सच्या पत्रात एक गोष्ट नव्हती. त्या सभांतून यंत्रातल्या चुका शोधल्या जात, नवख्यांना हाताला धरून शिकवले जात असे, आणि बेसिक चालवायला माणसे तयार होत असत. या श्रमाचे तासाला किती, हा हिशेब कुणीच मांडला नाही.

या भांडणावरची उत्तरे वादावादीपेक्षा जास्त बोलकी आहेत. डेनिस ॲलिसन या प्राध्यापकाने अगदी लहान बेसिक कसे रचावे याचा आराखडा आधीच प्रसिद्ध केला होता. ज्याला हवे त्याने आपापल्या यंत्रासाठी ते लिहावे. टॉम पिटमनने तसे एक लिहून पाच डॉलरला विकायला काढले. फुकटापेक्षा विकत घेणे सोपे वाटावे, एवढीच किंमत. लि-चेन वाँग याने १९७६ मध्ये लिहिलेल्या बेसिकच्या माथ्यावर एक गंमत केली. ‘कॉपीराइट’च्या जागी त्याने ‘कॉपीलेफ्ट’ लिहिले. ‘राइट’ म्हणजे हक्क, राइट म्हणजे उजवे, आणि राइट म्हणजे बरोबरही. तेव्हा ‘सर्व हक्क राखीव’ऐवजी त्याने ‘सर्व चुका राखीव’ अशा अर्थाची ओळ टाकली. हाच थट्टेचा शब्द १९८०च्या दशकात रिचर्ड स्टॉलमनने गंभीरपणे वापरला आणि त्यातून जीपीएल हा परवाना आला. परवाना सांगतो की आज्ञावली मोफत वा विकत कशीही द्या, पण घेणाऱ्याला तिचे मूळ लिखाण, ते बदलण्याची आणि पुढे देण्याची मुभाही द्या. १९९१ साली जन्मलेले लिनक्स लवकरच या परवान्याखाली आले. होमब्रू क्लब डिसेंबर १९८६ मध्ये बंद पडला होता. त्याच्या खोक्यावरची अट मात्र कायदेशीर भाषेत लिहिली गेली होती.

ती पुण्यात आमच्यापर्यंत पोचली सीडीच्या रूपात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारतात शहराशहरांत लिनक्सचे गट उभे राहिले. टेलिफोनच्या तारेवरून सबंध लिनक्स उतरवायचे म्हणजे रात्री आणि बिल दोन्ही वाया. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येई, ती हातोहात फिरे. बैठकीला कुणीतरी नवी सीडी आणायचा, आपण ती घरी न्यायची, नकला काढायच्या, पुढच्या शनिवारी आणायच्या. मेन्लो पार्कची गोष्ट तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हती. फरक एवढाच की आमच्या नकलांना कुणी चोरी म्हणू शकत नव्हते. परवानाच तसे करा म्हणत होता.

आमच्या बैठकीला ‘मॅपिंग’ नव्हते. चारच्या सुमारास प्रोजेक्टर लागे, कुणीतरी चाळीस मिनिटे बोले. कधी विषय भारी असे, कधी वक्ता स्वतःच पडद्याकडे तोंड करून पुटपुटे. पण नंतर सगळे अमृततुल्यात जात आणि तिथे आमचा ‘रँडम ॲक्सेस’ सुरू होई. मी जे काही शिकलो ते बाकावर बसून, बशीत चहा ओतता ओतता.

एक शनिवार मला नेमका आठवतो. लिनक्सवर देवनागरी कशी उमटते हे एक विद्यार्थी दाखवत होता. तेव्हा युनिकोड नवे होते, टंक मोजके होते आणि अक्षरे पडद्यावर आली याचेच कौतुक होते. त्याने लग्नाच्या जेवणावर चार ओळी टाइप केल्या. मागच्या रांगेत पुतण्याबरोबर आलेले एक निवृत्त मुद्रितशोधक बसले होते. ते म्हणाले, “अहो, तुमच्या यंत्राने आचाऱ्यांना आचार्य करून टाकलं.”

पडद्यावर खरेच ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ असे उमटले होते. य वर रफार चढला होता. मुलाला वाटले, जोडाक्षर तर बरोबर आहे. हिंदीच्या दृष्टीने ते बरोबरच होते. मग काका पुढे आले आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले: दर्या, दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. “आमच्या केसमध्ये या आडव्या र चा खिळा वेगळा असायचा. तुमच्याकडे खिळाच नाही का?”

खिळा होता, पण तिथवर पोचायच्या वाटा दोन होत्या. युनिकोडमध्ये हा र उमटवायला एक तर नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह द्यायचे. एकाने एक रीत धरायची, दुसऱ्याने दुसरी. मग दिसायला सारखे असलेले दोन शब्द यंत्राच्या लेखी वेगळे, आणि एकात शोधलेले दुसऱ्यात सापडत नाही. त्या दिवशी चहाच्या दुकानात दोन तास हाच विषय चालला. पुढच्या महिन्यात तो विद्यार्थी टंक दुरुस्त करून घेऊन आला. काका आले नव्हते.

अशा किती शनिवारांतून, किती शहरांतून, मराठी पडद्यावर नीट उमटू लागली असेल? काही काम पगारी लोकांनी केले हेही खरे; रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ टंक मोकळे केले नसते तर आमचे अडलेच असते. पण चूक दाखवणारा माणूस कुठल्याच पगारपत्रकावर नव्हता. आमच्यात फ्रेड मूर कुणी झाले नाही. सगळेच यंत्रावर तरबेज होते, टिपणे घेणे हे काम कुणाला कामच वाटले नाही, मलाही नाही.

माझी त्या काळातली एक वही सापडली आहे. तिच्यात त्या शनिवारची नोंद आहे, दीड ओळीची: ‘आचारी/आचार्य. ऱ + हलन्त की जोडचिन्ह? काकांना विचारणे.’ तारीख नाही. काकांचे नाव मी लिहून ठेवलेले नाही.