कंपन्यांचा पैसा रोखणारा टिलमन कोण होता?

निवडणुकीतल्या पैशावर बोलणे निघाले की आपल्यातला एखादा वाचणारा मित्र हमखास अमेरिकेचा दाखला देतो. तिथे 1907 सालीच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कंपन्यांनी देणगी देण्यावर बंदी आली, असे तो सांगतो. बंदी आली हे खरे आहे. पण त्या कायद्याला ज्याचे नाव आहे तो सेनेटर टिलमन कोण होता, हे सहसा कुणी सांगत नाही. मला ते सांगायचे आहे. पैशाचे नियम आणि मताचे नियम हे दोन वेगळे विषय म्हणून वाचले, की कुणाच्या हातून काय गेले हे दिसतच नाही.

सुरुवात 1896 पासून करू. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार विल्यम मॅकिन्ले. त्यांचा प्रचार सांभाळणारा मार्क हॅना हा ओहायोचा कोळसा-लोखंडातला बडा व्यापारी. समोर विल्यम जेनिंग्ज ब्रायन, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा लाडका वक्ता. सोन्याबरोबर चांदीचेही नाणे मोकळे करा, म्हणजे पैसा मुबलक होईल आणि कर्ज फेडणे सोपे जाईल, ही त्याची मागणी. बँकांना घाम फुटला. हॅनाने या भीतीचे सोने केले. गावात उरुसासाठी पट्टी बसवतात तशी त्याने बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का पट्टी बसवली. एकट्या स्टँडर्ड ऑईलने अडीच लाख डॉलर दिले. सगळे मिळून सुमारे 35 लाख डॉलर जमले. ब्रायनकडे होते साडेसहा लाखांच्या आसपास. मॅकिन्ले निवडून आले. यात बेकायदा काही नव्हते, कारण कंपन्यांच्या देणग्यांना अडवणारा केंद्राचा कायदाच नव्हता.

1904 ला थिओडोर रूझवेल्ट उभे राहिले. मक्तेदार कंपन्यांना वेसण घालणारा नेता अशी त्यांची ख्याती. पण त्यांच्या पक्षाचा प्रचारप्रमुख होता जॉर्ज कॉर्टेल्यू, जो नुकताच मंत्रिपदावरून आला होता. कंपन्यांची माहिती गोळा करणारे सरकारी कार्यालय त्याच्याच खात्यात होते. विरोधी उमेदवार ऑल्टन पार्कर यांनी प्रचाराच्या अखेरीस आरोप केला की कंपन्यांच्या गुपितांचा धाक दाखवून वसुली चालली आहे. रूझवेल्ट यांनी धाकाचा आरोप साफ खोटा ठरवला. पैसे आले नाहीत, असे मात्र ते म्हणू शकले नाहीत. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विमा कंपन्यांची चौकशी झाली. चौकशी समितीचा वकील चार्ल्स इव्हान्स ह्यूज याने साक्षीतून बाहेर काढले की न्यूयॉर्क लाइफ या कंपनीने 48 हजारांहून अधिक डॉलर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला दिले होते. ते पैसे विमेदारांचे होते. विधवांच्या आणि अनाथांच्या आधारासाठी साठवलेले. लोक भडकले. सावकार जे. पी. मॉर्गनने दीड लाख दिले होते, हे तर पुढे 1912 मध्ये त्यानेच साक्षीत सांगितले.

मग रूझवेल्ट यांनी काँग्रेसला संदेश पाठवून कंपन्यांच्या देणग्या बंद करायला सांगितले. पोटभर जेवून झाल्यावर उपवासाचे महत्त्व सांगण्यातला हा प्रकार. 26 जानेवारी 1907 रोजी कायदा झाला. विधेयकाची मूळ कल्पना विल्यम चँडलर या उत्तरेकडच्या रिपब्लिकन सेनेटरची होती, पण त्याची खुर्ची आधीच गेली होती. म्हणून विधेयक मांडले ते दक्षिण कॅरोलायनाच्या बेंजामिन टिलमनने.

आता या टिलमनकडे नीट बघा. 1876 च्या जुलैमध्ये दक्षिण कॅरोलायनात हॅम्बर्ग नावाच्या वस्तीत गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांच्या पथकावर हल्ला केला. सहा कृष्णवर्णीय मारले गेले, त्यातले बरेचसे पकडल्यानंतर. टिलमन त्या जमावात होता. हे त्याने लपवले नाही, उलट आयुष्यभर त्याचे भांडवल केले. 1900 साली सेनेटमध्ये उभे राहून त्याने सांगितले की आम्ही मतपेट्या भरल्या, कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही. हे सगळे कामकाजात नोंदले गेले आहे. आणि हाच माणूस निवडणुकीच्या शुद्धतेचा कायदा घेऊन उभा होता.

गोळ्यांनी भागेना म्हणून त्याने संविधानाचा आधार घेतला. 1895 मध्ये त्याच्या पुढाकाराने दक्षिण कॅरोलायनाचे नवे राज्य-संविधान झाले. त्या राज्यात तेव्हा कृष्णवर्णीयच बहुसंख्य होते. नव्या संविधानात जातीचा किंवा रंगाचा शब्द घातला नाही, कारण तसे केले असते तर केंद्राच्या संविधानातल्या पंधराव्या दुरुस्तीचा भंग झाला असता. फक्त अटी घातल्या. दोन वर्षे राज्यात वास्तव्य हवे. मतदानाच्या सहा महिने आधी डोईपट्टी भरलेली हवी. संविधानाचे कलम वाचून दाखवता यायला हवे, नाहीतर 300 डॉलरची करपात्र मालमत्ता हवी. सुरुवातीच्या काही वर्षांत ज्याला वाचता येत नाही त्याने कलम ऐकून अर्थ सांगितला तरी चालणार होते. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार गोरा अधिकारी, म्हणजे निरक्षर गोऱ्याला वाट मोकळी. याच राज्यात 1834 च्या कायद्याने गुलामांना वाचायला शिकवणे गुन्हा होता. ज्यांच्या बापाला अक्षर शिकवणाऱ्याला शिक्षा होत होती, त्यांच्या मुलांची आता वाचनाची परीक्षा. आपल्या लोकांना ही चाल समजावून सांगावी लागत नाही.

कायदा वाईट होता असे माझे म्हणणे नाही. कंपनीने भागधारकांच्या पैशातून राष्ट्राध्यक्ष विकत घेऊ नये, हे 1907 लाही बरोबर होते आणि आजही आहे. पण टिलमनला लोकशाही वाचवायची नव्हती. त्याला उत्तरेतल्या भांडवलदारांचा हात दक्षिणेतल्या गोऱ्या सत्तेच्या गळ्यापर्यंत पोहोचू द्यायचा नव्हता. त्याच्या हिशेबात लोक म्हणजे गोरे लोक. शिवाय कायद्यात अंमलबजावणीची यंत्रणाच नव्हती. हिशेब तपासायचे कुणी, हेच लिहिलेले नव्हते.

बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचले तेव्हा ही माणसे हयात होती. टिलमन सेनेटमध्ये होता. वुड्रो विल्सन नुकतेच राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि त्यांच्या कारकिर्दीत टपाल आणि अर्थ खात्यांच्या कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कारकुनांना वेगळे बसवणे सुरू झाले होते. 1916 मध्ये बाबासाहेब लंडनला निघाले, त्याच वर्षी विल्सन यांच्याविरुद्ध विमा चौकशीवाला ह्यूज उभा होता. पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी द्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य मांडले.

पैसा आणि मत यांची गाठ न्यायालयातही पडली. 1918 मध्ये मिशिगनमध्ये ट्रुमन न्यूबेरीने सेनेटच्या उमेदवारीसाठी मोटारवाल्या हेन्री फोर्डला हरवले. खर्च कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट केला. शिक्षा झाली, पण 1921 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय, तर पक्षातली प्राथमिक निवडणूक ही निवडणूकच नव्हे, तिच्यावर काँग्रेसचा अधिकार चालत नाही. पैसेवाल्याला सोडणारा हा निकाल दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या पथ्यावर पडला. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक फेरी जिंकली की खरी निवडणूक नावापुरती उरायची. 1923 मध्ये टेक्सासने कायदाच केला की डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत कृष्णवर्णीयांना मत नाही. हा 'गोऱ्यांचा प्राथमिक' अखेर बंद व्हायला 1944 उजाडले.

आता 1972. निक्सन पुन्हा उभे होते. देणग्या जाहीर करायला लावणारा नवा कायदा 7 एप्रिलपासून लागू होणार होता, म्हणून त्याआधी नुसती झुंबड उडाली. ह्यूस्टनहून एका तेल कंपनीच्या विमानातून सात लाख डॉलर वॉशिंग्टनला आले, काही रोख तर काही धनादेशांत. यातला थोडा पैसा पुढे वॉटरगेटच्या चोरांच्या खात्यात सापडला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट शर्ली चिझमची. काँग्रेसमध्ये निवडून आलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उतरली होती. तिच्यामागे बडा देणगीदार नव्हता. निक्सनच्या माणसांनी तिलाही सोडले नाही. निक्सनच्या खासगी वकिलाकडून पगार घेणाऱ्या डोनाल्ड सेग्रेटीने दुसऱ्याच उमेदवाराच्या नावाचे खोटे प्रसिद्धिपत्रक काढले: चिझम मनोरुग्णालयात होती, असे. गुप्त निधीचा एक उपयोग हाही होता. तरी अधिवेशनात तिला 152 प्रतिनिधींची मते पडली.

कंपन्यांवर खटले झाले ते टिलमनच्या जुन्या बंदीखालीच. गुडइयर कंपनीला 5,000 डॉलर दंड, तिच्या अध्यक्षाला 1,000. एवढाच.

नंतरचे थोडक्यात सांगतो. 1974 मध्ये निवडणूक आयोग आला, एका माणसाने एका उमेदवाराला द्यायची मर्यादा 1,000 डॉलर झाली, सरकारी निधीची सोय झाली. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रचारात पैसा खर्च करणे म्हणजे बोलणेच, म्हणून खर्चावर मर्यादा नको. जो सरकारी निधी घेईल त्यानेच मर्यादा पाळावी. 2008 मध्ये ओबामांनी आधी सरकारी निधी घेईन म्हणून नंतर तो नाकारला, कारण त्याच्या कितीतरी पट पैसा त्यांना बाहेरून मिळत होता. आपल्याला ओबामा प्रिय आहेत म्हणून हे झाकायचे कारण नाही. त्यानंतर ती व्यवस्था मोडीतच निघाली.

2010 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली. 1907 ची थेट देणगीवरची बंदी कागदावर शाबूत राहिली. 2024 मध्ये एकट्या इलॉन मस्कने ट्रम्प यांच्या बाजूने 25 कोटी डॉलरहून अधिक ओतले, तेही कायद्यात बसवून.

2013 मध्ये त्याच न्यायालयाने मताधिकार कायद्याचा कणा काढला. ज्या राज्यांचा भेदभावाचा इतिहास होता त्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी, ही तरतूद त्या दिवसापासून निकामी झाली. अशा राज्यांत दक्षिण कॅरोलायनाही होते. हा निकालही पाच विरुद्ध चार. दोन्ही निकालांतले पाच न्यायमूर्ती तेच: रॉबर्ट्स, स्कॅलिया, केनेडी, थॉमस, अलिटो. त्यातले थॉमस कृष्णवर्णीय आहेत, हेही आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. निकाल लागला त्याच दिवशी टेक्सासने जाहीर केले की मतदानासाठी छायाचित्राचे ओळखपत्र आता सक्तीचे. त्या यादीत बंदुकीचा परवाना चालत होता, विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नव्हते.