यूइंग, पॅट्रिक
यूइंग, पॅट्रिक : (५ ऑगस्ट १९६२ – ). अमेरिकन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. वॉशिंग्टन डी. सी. येथील जॉर्जटाउन विद्यापीठाचे १९८१ ते १९८५ या काळातील खेळाडू आणि २०१७ ते २०२३ या काळातील मुख्य प्रशिक्षक. जन्म जमैकातील किंग्स्टन येथे. लहानपणी ते क्रिकेट आणि फुटबॉल खेळत. बाराव्या-तेराव्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे कुटुंबाकडे आल्यावर बास्केटबॉलशी त्यांची ओळख झाली. सात फूट उंची आणि चेंडू अडवण्याची उपजत हातोटी यांमुळे शाळा संपण्याआधीच त्यांच्यासाठी अनेक विद्यापीठांत चढाओढ सुरू झाली. त्यांनी जॉर्जटाउन निवडले. तेथील प्रशिक्षक जॉन थॉम्पसन (धाकटे) स्वतः उंचेपुरे, कृष्णवर्णीय आणि कडक शिस्तीचे होते. पुढे यूइंग यांच्या जीवनात वडीलधाऱ्याचे स्थान त्यांनाच मिळाले.

थॉम्पसन यांनी १९७२ मध्ये हाती घेतला तेव्हा जॉर्जटाउनचा संघ अगदीच दुबळा होता. यूइंग यांच्या चार वर्षांत तो तीनदा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. १९८२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाचे पहिले आठही गुण यूइंग यांच्या नियमभंगातून आले : बास्केटच्या कड्याकडे खाली येणारा चेंडू अडवायचा नसतो, आणि ते तो अडवत होते. त्यामागे प्रतिस्पर्ध्यांना जरब बसवण्याचा हेतू होता. तो सामना नॉर्थ कॅरोलायनाचे मायकेल जॉर्डन यांच्या फेकीने जॉर्जटाउनने ६३–६२ असा गमावला. १९८४ मध्ये ह्यूस्टनला ८४–७५ असे नमवून विजेतेपद मिळाले आणि थॉम्पसन हे ते जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. १९८५ मध्ये व्हिलानोव्हाने ६६–६४ असा धक्का दिला. याच काळात प्रतिस्पर्धी प्रेक्षकांनी यूइंग यांच्याविरुद्ध वर्णद्वेषी फलक झळकावले, मैदानावर केळीची साल फेकली. थॉम्पसन यांनी खेळाडूंभोवती जी भिंत उभी केली, तिला वृत्तपत्रांनी तुसडेपणा म्हटले. कारण मात्र फारसे कोणी पाहिले नाही. आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे यूइंग यांनी चार वर्षे पूर्ण करून ललित कलेची पदवी घेतली. ती पाहायला आई नव्हती. १९८३ मध्येच तिचे निधन झाले होते.

व्यावसायिक कारकीर्दीपैकी पंधरा हंगाम ते न्यूयॉर्क निक्स संघाकडून खेळले. अकरा वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवड, १९८४ व १९९२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके असे सर्व मिळाले. एनबीए या व्यावसायिक साखळीचे विजेतेपद तेवढे राहिले. निवृत्तीनंतर वॉशिंग्टन, ह्यूस्टन, ऑर्लँडो आणि शार्लट या संघांत ते सहायक प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षकपद मिळावे म्हणून त्यांनी दीर्घकाळ वाट पाहिली. एवढ्या उंच खेळाडूला उंच खेळाडूंचीच शिकवण देता येते, हा त्या व्यवसायातला समज त्यांना भोवला असावा.

२०१७ च्या मार्चमध्ये जॉर्जटाउनने थॉम्पसन यांचे पुत्र जॉन थॉम्पसन (तिसरे) यांना पदावरून दूर केले आणि ३ एप्रिलला यूइंग यांची नेमणूक जाहीर झाली. म्हणजे मुलगा गेला आणि मानसपुत्र आला. सत्ता घरातच राहिली. संघ ज्या इमारतीत सराव करी तिलाही थॉम्पसन यांचेच नाव होते आणि वयोवृद्ध गुरू अधूनमधून सरावाला येऊन बसत. पहिल्या हंगामात १५ विजय, १५ पराभव. दुसऱ्यात १९ विजय, १४ पराभव. पुढच्या वर्षी मात्र खेळाडू हंगामाच्या मध्यातच विद्यापीठ सोडून जाऊ लागले. ३० ऑगस्ट २०२० रोजी थॉम्पसन यांचे निधन झाले.

त्यानंतरचा हंगाम हा या कारकीर्दीतला एकमेव मोठा आनंद. बिग ईस्ट गटात जॉर्जटाउन शेवटचे येईल असे प्रशिक्षकांचे भाकीत होते. मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गटाची स्पर्धा झाली. तेथील छताला यूइंग यांची ३३ क्रमांकाची जर्सी टांगलेली आहे. तरीही सुरक्षारक्षक त्यांना अडवून ओळखपत्र मागत होते. व्हिलानोव्हाला एका गुणाने हरवल्यावर त्यांनी पत्रकारांसमोर त्याबद्दल मिश्किल संताप व्यक्त केला. १३ मार्चला क्रेटनचा ७३–४८ असा फडशा पाडून संघाने विजेतेपद आणि राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेश मिळवला. थॉम्पसन यांची जॉर्जटाउनमध्ये नेमणूक १९७२ मध्ये याच तारखेला झाली होती. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र कोलोरॅडोने पहिल्याच फेरीत ९६–७३ असे हरवले.

मग घसरण झाली, आणि तीही विलक्षण. एप्रिल २०२१ पासून खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. जुलैपासून नाव व प्रसिद्धीवर पैसे कमावण्याचीही. चार वर्षे एका गुरूपाशी राहण्याचा यूइंग यांच्या पिढीचा मार्ग त्यामुळे जवळपास संपलाच. २०२१–२२ मध्ये संघाने ६ सामने जिंकले, २५ गमावले. गटातील १९ पैकी एकही जिंकला नाही. गटातील साखळी सामन्यांतील पराभवांची मालिका २९ पर्यंत लांबली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी डीपॉलविरुद्ध तुटली. त्या हंगामात ७ विजय, २५ पराभव. ९ मार्च २०२३ रोजी विद्यापीठाने त्यांना पदमुक्त केले. सहा हंगामांचा हिशेब ७५ विजय, १०९ पराभव. प्रॉव्हिडन्सचे प्रशिक्षक एड कूली त्यांच्या जागी आले. कूली यांचा जॉर्जटाउनशी खेळाडू म्हणून काही संबंध नव्हता.

यूइंग यांचे समकालीन ख्रिस मलिन यांनीही सेंट जॉन्स या आपल्या विद्यापीठात २०१५ ते २०१९ अशी चार वर्षे प्रशिक्षकपद सांभाळले. त्यांचेही पराभव विजयांपेक्षा अधिक होते. याउलट निक्स संघात यूइंग यांच्यासोबत खेळलेले ह्यूबर्ट डेव्हिस नॉर्थ कॅरोलायनात मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच हंगामात, २०२२ मध्ये, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. मात्र डेव्हिस त्याआधी नऊ हंगाम तिथेच सहायक होते. यूइंग यांना विद्यापीठीय संघ हाताळण्याचा, मुलांच्या घरी जाऊन त्यांना वळवण्याचा काडीचाही अनुभव नव्हता. त्यांची सहायकपदाची सारी वर्षे व्यावसायिक संघांत गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये निक्सने त्यांना संघाचे बास्केटबॉल दूत म्हणून नेमले.