पावशेर लोखंडाची कहाणी

विटीदांडू खेळलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. टोला दांडूच्या नेमक्या जागी बसला की विटी भिरभिरत जाते आणि हाताला काही कळतसुद्धा नाही. जागा चुकली की विटी चार हातांवर पडते आणि झिणझिण्या मात्र कोपरापर्यंत येतात. गोल्फ नावाच्या खेळात लोखंडी पात्याच्या ज्या काठ्या वापरतात, त्यांचा इतिहास म्हणजे या झिणझिण्यांचाच इतिहास आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. काठीच्या टोकाला लोखंड असते ते पावशेर, फार तर थोडे अधिक. ते मनास येईल तितके वाढवता येत नाही, कारण काठी फिरवायची ती माणसाच्याच मनगटांनी. तेव्हा प्रश्न उरतो एवढाच, की हे पावशेर लोखंड पात्यात ठेवायचे कुठे?

खेळ वाढला तो स्कॉटलंडात. समुद्राकाठच्या वाळूमिश्रित गवताळ माळावर चेंडू टोलवीत जायचे आणि दूरच्या एका लहानशा भोकात तो घालायचा. पूर्वी तेथे बहुतेक साऱ्या काठ्या लाकडीच असत. त्याला कारण होता चेंडू. कातड्याच्या इवल्याशा पिशवीत टोपीभर पिसे उकडून, ठासून भरीत. चांगल्या कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत, म्हणून चेंडू काठीपेक्षा महाग पडे. अशा चेंडूवर लोखंड उगारणे म्हणजे पैठणीवर कात्री चालवणेच की! चेंडू गाडीच्या चाकोरीत किंवा दगडगोट्यांत अडकला, तरच नाइलाजाने लोखंडी काठी बाहेर निघे. तिचे पाते गावच्या लोहाराने घोड्याचे नाल ठोकता ठोकता घडवलेले असे. ते जाडजूड, ओबडधोबड. आणि काठी जिच्यात बसवायची ती नळी तर एवढी लांब आणि जड, की लोखंडाचा मोठा वाटा तिच्यातच जाई. चेंडूला जेथे मार बसायचा तेथे वजन नाही, आणि जेथे वजन तेथे चेंडू लागला तर तो आडवाच पळायचा!

1848च्या सुमारास मलायातील एका झाडाच्या चिकाचे, गटापर्चाचे, चेंडू आले आणि चित्र पालटले. चीक गरम पाण्यात मऊ करायचा, हातावर वळायचा, की झाला चेंडू. सेंट अँड्र्यूजचा अॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा नामांकित खेळाडू, आणि पोटापाण्याचा धंदा पिसांच्या चेंडूंचा. नव्या चेंडूवर त्याचा राग असणे स्वाभाविकच होते. त्याच्या हाताखालच्या टॉम मॉरिसने नवा चेंडू वापरला, त्यावरून दोघांचे बिनसले आणि 1851मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. पण दैवाची थट्टा पाहा. पुढे रॉबर्टसननेही तो चेंडू पत्करला, आणि लोखंडी काठीने चेंडू अलगद भोकाकडे सरपटत धाडण्याची युक्ती रूढ करण्याचे श्रेय त्यालाच देतात. आणखी एक नवल असे की, गुळगुळीत नवा चेंडू हवेत मधेच खाली बसे, तर लोखंडाने टवके उडालेला जुना चेंडू सरळ जाई. मग कारागीर चेंडूंवर मुद्दामच हातोडीने खुणा पाडू लागले. पिसांच्या चेंडूला ज्या लोखंडाने मरण येई, त्याच लोखंडाच्या जखमा या चेंडूला मानवल्या.

आता लोहारांना बरे दिवस आले. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्ट्युअर्टच्या पात्यांवर चिलमीसारख्या पाइपचा शिक्का असे. पुढे बॉबी जोन्ससारख्या थोर खेळाडूच्या पिशवीत त्याची पाती होती. पात्यांना नावेही कशी झोकदार: क्लीक, मॅशी, निब्लिक! क्लीक जवळजवळ उभे, चेंडू लांब आणि बुटका धाडणारे, निब्लिक मागे कललेले, चेंडू उंच उडवून अलगद टाकणारे, मॅशी मधले. पाते सुरीसारखे सपाट आणि पातळ, दांडा अमेरिकेतील हिकरी लाकडाचा. हे लाकूड टोल्याच्या वेळी पिळवटते, म्हणून घाईने काठी हाणून भागत नसे. झोपाळ्याच्या लयीने ती यावी लागे. ब्रिटनमध्ये 1929 साली पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली आणि एकासारखी एक काठी करणे सोपे झाले. मग नावे गेली, आकडे आले. वर्गातल्या मुलांना नावाने हाक मारायची सोडून हजेरीचे नंबर पुकारावे, तसेच हे. मला हे काही आवडलेले नाही.

वजन कुठे ठेवावे, याचा उघड विचार केला तो जीन साराझेन या अमेरिकन सुताराच्या मुलाने. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढताना निब्लिकची धार वाळूत रुतून बसे. विमानाची शेपटी खाली गेली की नाक वर उठते, हे पाहून आपल्याला युक्ती सुचली, असे तो सांगे. त्याने पात्याच्या तळाला डाक देऊन देऊन तो जाड केला. आता पाते वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून घसरून वर येऊ लागले. 1932ची ब्रिटिश ओपन त्याने जिंकली ती ही काठी बरोबर घेऊनच.

त्याच सुमारास इतर पात्यांचीही पाठ बदलू लागली. चेंडू लागतो तेथे, पात्याच्या मागे, खालच्या बाजूला, लोखंडाचा उंचवटा ठेवू लागले. पैलवानाच्या दंडावर बेटकुळी असावी तसा. नळी आखूड आणि हलकी झाली. घडीव पात्याचे सर्वांत देखणे रूप ते हेच. पुण्याच्या जुन्या बाजारात असे एक पाते मला मिळाले होते, ते घेऊन मी शाळेच्या मैदानावर सुटीत वीस चेंडू मारून पाहिले. एकोणीस वेळा हात बधिर झाले. विसावा चेंडू मात्र असा गेला, की लोण्यातून सुरी जावी. त्या एका टोल्यासाठी माणसे जन्मभर या पात्यांना का चिकटून राहतात, ते तेव्हा कळले. चेंडू टाचेकडे लागला की बोटाकडे, वर की खाली, हे पाते तुम्हांला तिथल्या तिथे सांगते. त्याला भीडमुर्वत ठाऊक नाही.

बेन होगन हा अशा पात्यांचा राजा. फेब्रुवारी 1949मध्ये मोटारीच्या अपघातात तो मरता मरता वाचला. 1950च्या अमेरिकन ओपनमध्ये, मेरियन येथे, दुखऱ्या पायांनी शेवटच्या भोकापाशी येताना त्याने मारलेला एक नंबरच्या लोखंडाचा टोला छायाचित्रामुळे अमर झाला. दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडून त्याने अजिंक्यपद घेतले. पुढे 1953मध्ये त्याने स्वतःचा काठ्यांचा कारखाना काढला, आणि तयार झालेला पहिलाच माल पसंत पडला नाही म्हणून मोडीत काढला.

पण होगन एखादाच. बाकीच्यांनी काय करायचे? हा प्रश्न कार्स्टन सोल्हाइमने सोडवला. नॉर्वेत जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेत इंजिनियर होता. तारेवरचा डोंबारी लांब बांबू आडवा का धरतो? वजन दोन टोकांना गेले की तोल सहज ढळत नाही. सोल्हाइमने तेच केले. पात्याच्या पाठीतले लोखंड कोरून काढले आणि ते कडांना नेऊन ठेवले. चेंडू मध्यावर लागला नाही, तरी आता पाते गर्रकन वळत नाही आणि चेंडू बराचसा वाटेवर राहतो. अशी पाठ घडवण्यापेक्षा ओतणे सोपे, म्हणून मेणाचा नमुना करून साच्यात पोलाद ओतायचे; आपले मूर्तिकार पंचधातूची मूर्ती ओततात, त्याच जातीची ही रीत. 1969 साली ही पाती बाजारात आली. दिसायला अगदी बेढब. पण 1982च्या ‘आय टू’ने तर बाजारच जिंकला.

जाणकार म्हणतात, अशा पात्याने हात शिकत नाही. त्यात तथ्य आहे. टायगर वूड्सने कारकिर्दीत मुख्यतः घडीव पातीच वापरली, ती उगाच नव्हे. परंतु मी पडलो मास्तर. वर्गात एक हुशार आणि एकोणसाठ सामान्य, हा माझा रोजचा हिशेब. त्या एकोणसाठांना रविवारी सकाळी चेंडू उडालेला पाहण्याचा आनंद मिळाला, तर सोल्हाइमला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

गंमत पुढेच आहे. वजन खाली आणि कडांना गेल्यामुळे चेंडू आपोआप उंच जाऊ लागला, तसे कारखानदारांनी पात्यांचा कल कमी करत आणला. पूर्वीचे पाच नंबरचे पाते आज सातचा आकडा मिरवते, आणि ‘माझे सात नंबर केवढे लांब जाते!’ म्हणून गिऱ्हाईक खूश! आकडे असे सरकत गेल्यावर एक नंबरचे लोखंड बहुतेक संचांतून नाहीसेच झाले. ते मारणे इतके अवघड, की विजांच्या वादळात तेच डोक्यावर धरावे, देवालासुद्धा ते जमत नाही, असा ली ट्रेविनोचा विनोद आहे. आणि ट्रेविनोवर 1975 साली मैदानात खरोखरच वीज पडली होती! होगनचे मेरियनचे एक नंबर त्या अंतिम सामन्याआधीच चोरीला गेले. तीस-बत्तीस वर्षांनी ते एका जुन्या संचात सापडले, होगनने ओळखले, आणि आता ते अमेरिकन गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात आहे.