एकाहत्तर पौंड, दोन शिलिंग

१७६५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट वसाहतीत व्हेंचर नावाच्या एका गुलामाने स्वतःलाच विकत घेतलं. मालकाला मोजून दिले ७१ पौंड २ शिलिंग. त्याआधी, लहानपणी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजाच्या कारभाऱ्याने त्याला घेतला होता तो चार गॅलन रम आणि छिटाच्या एका तुकड्याच्या बदल्यात. त्या जहाजावर दोनशे साठ माणसं चढवली होती. वाटेत देवीच्या साथीत साठेक दगावली.

१७९८ मध्ये न्यू लंडन गावी त्याची आत्मकथा छापली गेली. त्याने सांगितली, दुसऱ्याने लिहून घेतली. वाचताना वाटतं, समोर एखाद्या पक्क्या हिशेबी माणसाची खतावणी उघडली आहे.

गुलामाकडे पैसा यायचा कुठून? मालकाचं काम उरकल्यावर व्हेंचर साहेबलोकांचे बूट पुसायचा, रात्री मासे धरायचा, कातडीसाठी मिंक पकडायचा, बटाटे-गाजरं पिकवायचा. साठले २१ पौंड. ते त्याने मालकाच्या भावाला व्याजाने दिले. पुढे मालकाशी बिनसलं आणि त्याची पेटी फोडून कर्जाची चिठ्ठीच नष्ट करण्यात आली. दाद मागणार कुठे? तो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता. म्हणून नंतरच्या मालकाच्या, ऑलिव्हर स्मिथच्या वेळी तो शहाणा झाला: सुटकेसाठी जमवलेल्या रकमेचा कागद एका स्वतंत्र काळ्या मित्राच्या नावाने करून घेतला.

स्मिथने त्याला बाहेर मजुरीला जायची मुभा दिली; कमाईतला चौथा हिस्सा मात्र मालकाचा. एका हिवाळ्यात लाँग आयलंडवर व्हेंचरने चारशे कॉर्ड लाकूड तोडलं, वर धान्यही झोडपलं. झोपायचा चुलीपुढच्या फरशीवर, अंगाखाली एक आणि अंगावर एक घोंगडी. शेवटी थोडी रक्कम बाकी असतानाच स्मिथने त्याला मोकळं केलं. व्हेंचरने आडनाव लावलं ते त्याचंच.

पण बायको मेग आणि मुलं अजून दुसऱ्यांच्या मालकीची होती. लाँग आयलंडवर पुन्हा कुऱ्हाड चालवून त्याने सॉलोमन आणि कफ या मुलांना दोनशे-दोनशे डॉलरला सोडवलं. मग मेगला, ४० पौंडांना, आणि तेही घाईने: ती गरोदर होती. मूल आईच्या मागे जायचं, म्हणजे बाळंतपण मालकाकडे झालं असतं तर आणखी एक जीव विकत घ्यावा लागला असता. मुलगी हॅना ४४ पौंडांना आली.

सॉलोमनला त्याने एका माणसाकडे वर्षभराच्या करारावर कामाला ठेवलं होतं, १२ पौंडांच्या बोलीवर. त्या माणसाने चांदीच्या बकलांचं आमिष दाखवून पोराला व्हेलच्या शिकारीवर धाडलं. तो वयाच्या सतराव्या वर्षी स्कर्व्हीने गेला. व्हेंचर लिहवून घेतो की मुलाच्या जिवाखेरीज आपलं ७५ पौंडांचं नुकसान झालं. हे वाक्य कोरडं वाटेल. पण ज्याची सगळी माणसं किंमत मोजूनच घरात आली, त्याच्या दुःखालाही आकडा चिकटणारच. आणि हा हिशेब सोयीचा तेवढाच सांगितलेला नाही. स्वतंत्र झाल्यावर व्हेंचरने काही काळ्या माणसांनाही विकत घेतलं. त्यातल्या एकाचे ६० पौंड मोजले होते. त्याने २० फेडले आणि तो पळून गेला. तेही व्हेंचरने बुडीत खाती मांडलं आहे.

पुढे हॅडम नेक इथे त्याची शंभर एकरांहून जास्त जमीन आणि तीन घरं झाली. तरी कोर्टाची पायरी त्याला महागच पडली. एका मूळनिवासी नावाड्याच्या होडीतून तो प्रवास करत होता. धक्क्यावर माल उतरवताना एका गोऱ्या कप्तानाचं काकवीचं पिंप पाण्यात गेलं. नावाडी कंगाल, तेव्हा कप्तानाने दावा लावला व्हेंचरवर. दहा पौंडांहून जास्त रक्कम आणि वर कोर्टखर्च त्याला भरावा लागला.