परकीय निधी आणि स्वयंसेवी संस्थांचा आवाज

स्वयंसेवी संस्थेने कोणता प्रश्न हाती घ्यावा, हे पुष्कळदा तिच्या निधीच्या उगमावर ठरते. देणगीदाराचा प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो व त्याला मोजता येतील असे निष्कर्ष हवे असतात. जमीन वा मजुरीचा लढा मात्र दशकभर चालतो. निधी परकीय असेल तर त्यात सरकारच्या परवानगीचीही भर पडते.

कायद्याचा प्रवास

परकीय योगदान (नियमन) कायदा आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये आला. निवडणुकीतील उमेदवार, लोकप्रतिनिधी, सरकारी कर्मचारी, वृत्तपत्रांचे संपादक व राजकीय पक्ष यांना परकीय देणग्या वर्ज्य ठरल्या. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. तो १ मे २०११ पासून लागू झाला आणि नोंदणीला पाच वर्षांची मुदत आली. बंद, हरताळ, रास्ता रोको ही साधने नेहमी वापरणाऱ्या संघटनांनाही नियमांनी 'राजकीय स्वरूपाच्या' ठरविले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीला मुरड घातली. सक्रिय वा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनांचा निधी केवळ आंदोलनामुळे अडविता येणार नाही, असा तो निर्वाळा होता.

२०२० ची दुरुस्ती

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेने दुसरीला परकीय निधी देण्यास बंदी झाली. निधी स्वीकारण्यासाठी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत खाते सक्तीचे ठरले. धान्य वाटणाऱ्या संस्थेला खर्चाची मर्यादा फारशी जाचत नाही. कार्यालय व वकील यांच्या बळावर चालणाऱ्या धोरणविषयक कामाला ती जाचते. मोठ्या संस्थांमार्फत मदत मिळविणाऱ्या ग्रामीण गटांचा तर मार्गच खुंटला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

पक्षांना वेगळे माप

काँग्रेस व भाजप यांनी १९७६ च्या कायद्याचा भंग करून देणग्या स्वीकारल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. त्यानंतर २०१६ मध्ये 'परकीय स्रोता'ची व्याख्या शिथिल झाली आणि २०१८ मध्ये ती सवलत थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आली.

दुसरी वाट

राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने परकीय निधी टाळून लोकवर्गणीवर भर दिला. तिच्या जनसुनावण्यांतून उभ्या राहिलेल्या मागणीची परिणती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात झाली. ही वाट निधीच्या अटींपासून मुक्त आहे. मात्र कार्यकर्त्यांना मजुरीइतक्या मानधनावर राबावे लागते.